कचऱ्याच्या डब्यांशेजारचा बाक

बाकावरची पाटी खोटी होती, आणि ते जगात एकट्या मला ठाऊक होतं.

‘क्लेम गॅरड. या जागेवर त्याचं फार प्रेम होतं.’ पितळी पाटी, ओकच्या लाकडाचा बाक, डनमियरच्या राखीव माळावर अगदी कड्याच्या टोकाशी. पाठीमागे जांभळ्या हेदरची झुडपं, समोर अख्खा समुद्र. येणारा-जाणारा दोन मिनिटं टेकायचा, पाटी वाचायचा आणि सोबतच्याला म्हणायचा, "काय रसिक माणूस असेल, नाही?" रसिक डोंबलाचा! माझा नवरा त्या जागी जन्मात एकदाही फिरकला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हेटीबाई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. अहो, पण खरं ते खरं. एकतीस वर्षं दर रविवारी आम्ही डनमियरला जायचो. क्लेम मला माळाच्या फाटकाशी उतरवायचा आणि स्वतः पुढे जाऊन पार्किंगात गाडी लावून आतच बसायचा. काचा वर, मांडीवर अंड्याच्या सँडविचचा डबा, स्टिअरिंगवर पसरलेलं वर्तमानपत्र. "अरे, दोन पावलं तरी चल," म्हटलं की म्हणायचा, "तू हो पुढे, मी आहे." वारा त्याला सोसायचा नाही. बुटात वाळू गेली की दिवसभर कुरकुर. आणि पार्किंगच्या कडेच्या गॉर्सच्या काटेरी झुडपांनी एकदा त्याची नवी पँट फाडली होती, ते तो मरेपर्यंत विसरला नाही.

बरं, गाडी लावायची तर कुठे? समुद्राच्या बाजूच्या चांगल्या मोकळ्या जागा सोडून हा बाबा शिरायचा शेवटच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांना खेटून. उन्हाळ्यात तिथे माशा, खेकड्यांच्या कवचांचा वास, वर कुत्रेवाल्यांनी टाकलेल्या त्या पिशव्या. मी नाक धरून ओरडायचे, "जगातल्या सगळ्या जागा संपल्या का रे?" तर म्हणे, "इथे बरं आहे." बस्स. क्लेमच्या तोंडून पुढचं वाक्य काढायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा.

आणि ती टोपी! दर दोन-तीन नाताळांनी हा मला लोकरीची टोपी द्यायचा. लाल. भडक लाल, पोस्टाच्या पेटीसारखी. मला लाल अजिबात शोभत नाही, वाऱ्यात माझं नाक आधीच लाल होतं. पण देणाऱ्याचं मन कसं मोडायचं, म्हणून "अय्या, किती छान!" करून मी ती डोक्यावर चढवायचे. एक विटली की दुसरी, तीही लाल. माणसाला कल्पनाशक्ती म्हणून नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

एक मात्र कबूल करायला हवं. फेरी मारून मी आले, गाडीचं दार उघडलं, की कपातला चहा नुकता ओतलेला असायचा. वाफाळता. तो थेट माझ्या हातात. कधी मी तासाभराने यायचे, कधी पाऊस आला म्हणून वीस मिनिटांत. चहा कायम तसाच गरम. मी आपली समजायचे, हा तिथे बसून कपावर कप रिचवतोय, त्यातलाच एक मला देतो.

क्लेम जाऊन अकरा वर्षं झाली. बाक लावण्याचा उद्योग माझ्या नणंदेचा, मुरिएलचा. मला तिने काही कळूच दिलं नाही. "दुःखात तुला कशाला त्रास?" म्हणे. पंधरा माणसं जमवली, फ्रूटकेक आणला आणि पाटीवरचं फडकं ओढलं. मी वाचलं. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, ‘मुरिएल, अगं तो इथे कधी आलाच नाही.’ मी काय म्हटलं? "किती सुंदर शब्द!" आणि केक खाल्ला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही. तेव्हापासून त्या बाकावर बसून मी अनोळखी माणसांच्या ‘रसिक, रसिक’ला मान डोलवत आले.

पण दुखणं पाटीचं नव्हतं हो. पाटी वाचली की मनात यायचं, मग याचं प्रेम होतं तरी कशावर? एकतीस वर्षांचे रविवार मी त्याला ओढून नेलं, आणि तो बिचारा वासात बसून वेळ काढत राहिला, केवळ ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून? मी टोपी घालत होते, तो गाडी चालवत होता. दोघंही एकाच माळेचे मणी. हे डोक्यात आलं की त्या बाकावर मला बसवत नसे, आणि विचारायचं तर ज्याला विचारायचं तो उरला नव्हता.

आता आमचा कडा म्हणजे नुसती वाळू. बाक लावला तेव्हा कडा वीस पावलं लांब होता. यंदा फेब्रुवारीच्या वादळाने एका दमात आठ पावलं खाल्ली. ऑगस्टमध्ये ब्रायनीचा फोन आला. ब्रायनी म्हणजे माळाची राखणदार, तिशीची गोड पोरगी, तट्टांना चरायला सोडण्यापासून लोकांची कुत्री आवरण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. "मिसेस गॅरड, जरा येऊन जाल का? मिस गॅरडनाही आणा."

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. मुरिएलने गाडी चालवली आणि आम्ही डेसच्या चहाच्या टपरीसमोर बसलो. डेस थर्लो पार्किंगात ही टपरी चालवतो, क्लेम गाडी लावायचा तेव्हापासून.

ब्रायनी म्हणाली, "बाकाच्या मागे भेग पडलीय. गुरुवारी आम्ही तो काढतोय. खरं तर आधीच काढायचा होता, पण खालच्या कड्यात पाकोळ्यांची पिल्लं होती. ती काल उडाली."

"पाकोळ्यांसाठी थांबलात?" मुरिएल ताठ झाली. "आणि माझा भाऊ?"

"तुझा भाऊ कुठे उडून जात होता?" डेस टपरीतून म्हणाला.

"डेस थर्लो, तू तुझे कप विसळ."

ब्रायनीने ओठ चावला. "प्रश्न असा आहे की तो लावायचा कुठे. माळावर नवीन जागा देता येत नाही. बाक आला की माणसं येतात, पायांनी हेदर मरते, सरडे पळतात. एकच जागा आहे. इथे, पार्किंगात."

"पार्किंगात कुठे?" मी विचारलं.

ती खाली बघायला लागली. "त्या कोपऱ्यात."

"डब्यांजवळ?"

"अगदी जवळ नाही."

"किती जवळ?"

"दीड मीटर," ब्रायनी पुटपुटली. "नाहीतर घरी न्यायचा. बुधवारपर्यंत सांगाल का?"

मुरिएलने हातमोजे टेबलावर ठेवले. ती हातमोजे ठेवते तेव्हा समजायचं, आता तोफ सुटणार. "हेटी, मी मध्ये बोलू नये, पण बोलते. माझा भाऊ कचऱ्याशेजारी बसणार नाही. बाक माझ्या बागेत येईल, हायड्रेंजियाजवळ. ठरलं."

तिला एकदा ठरवल्यावर थांबवायचं म्हणजे बैलगाडीला ब्रेक लावायचा. ती तरातरा शौचालयाकडे गेली, ब्रायनी आपल्या कामाला गेली. डेस फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर येऊन बसला.

"हेटी, तुझ्या नवऱ्याने एवढ्या वर्षांत माझा एक कप चहा घेतला नाही. कायम स्वतःचा थर्मास. त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही."

"नको करूस. त्याला तुझा चहा पातळ वाटायचा."

"असू दे, असू दे. पण मी त्याला एकदा भांडताना पाहिलंय, सांगितलंय का तुला?"

"क्लेम? भांडताना?" मला हसूच आलं. "अरे, सूपमध्ये माशी निघाली तर ती बाजूला ठेवून सूप संपवणारा माणूस तो."

"तोच. एक कॅम्परवाला आला होता, घराएवढी गाडी घेऊन, नेमका त्या कोपऱ्यात. तू माळावर गेली होतीस. क्लेमने जाऊन काच ठोकली. ‘माफ करा, पण ही जागा मला लागते.’ तो म्हणाला, ‘बाबा, शंभर जागा मोकळ्या आहेत.’ हा हलेना! वरून पाऊस, डोक्यावर छत्री नाही, आणि हा खांबासारखा उभा. शेवटी तो वैतागून गेला."

"आणि क्लेमने सांगितलं का, ती जागा कशाला हवी ते?"

"मी विचारलं ना. म्हणाला, ‘इथे बरं आहे.’"

घ्या! पुन्हा तेच. मी डब्यांकडे बघितलं, त्यांच्याभोवती माशा नेहमीसारख्या नाचत होत्या. डोक्यात काही प्रकाशबिकाश पडला नाही, खोटं कशाला सांगू. एवढंच वाटलं की हा माणूस निदान तिथे बसला तरी होता, हट्टाने बसला होता. कड्यावर नाही आणि हायड्रेंजियाजवळ तर मुळीच नाही.

मुरिएल आली तशी मी म्हटलं, "बाक डब्यांजवळ लागेल."

"हेटी!"

"आणि दुसरं. क्लेम त्या कड्यावर कधी गेलाच नाही. एकदाही नाही. पाटी खोटी आहे."

मुरिएल खुर्चीत बसली. "अकरा वर्षं! अकरा वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस."

"मी खूश होते? अगं, तू ‘किती सुंदर शब्द’ म्हणालीस म्हणून मी खूश होते! ती ओळ माझी नव्हेच. पाटी करणाऱ्याकडे छापील यादी होती. हा नंबर चार."

"यादीतून निवडलास?"

"पाच नंबरमध्ये गोल्फ होतं," मुरिएल म्हणाली. "मग काय करणार मी?"

आधी डेस हसत सुटला. मग मी. मुरिएल दोन क्षण रागावून बघत राहिली आणि मग तीही अशी हसली की हातमोजे खाली पडले. डोळे पुसत म्हणाली, "काय बाई आपण माणसं! मग पाटी तरी काढून टाकू."

"काढूच. रविवारी ब्रायनीला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगते."

"आणि नवीन काय लिहायचं?"

ते मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मला तेच तर माहीत नव्हतं.

गुरुवारी ट्रॅक्टर आणून सहा जणांनी बाक उचलला. शुक्रवारी ब्रायनीचा फोन आला, बाक नव्या जागी पक्का केलाय, आणि भेगेपलीकडचा कडा रात्रीत गेला. बाक थोडक्यात वाचला म्हणायचा.

रविवारी आम्ही दोघी गेलो. ऊन होतं, वाराही होता, सगळा माळ जांभळा झाला होता. मुरिएल गाडी लावून म्हणाली, "तुझा गुडघा काही आज चालणार नाही. तुझी फेरी मी मारून येते. एवढी वर्षं ऐकतेय, बघू तरी काय आहे ते. कशी जातेस तू?"

"फाटकातून माळावर, तट्टांच्या पाणवठ्याला वळसा, मग लाकडी पायऱ्यांनी खाली वाळूवर. तिथून लाटा अडवायला पुरलेले जुने खुंट आहेत ना, तिथपर्यंत. आणि परत."

"कान गारठले माझे. टोपीबिपी आहे का काही?"

माझ्या पिशवीत शेवटची टोपी होती. ती बघून मुरिएलने नाक मुरडलं. "ही? लोक माझ्या तोंडात पत्रं टाकतील!"

"घाल मुकाट्याने. तुझ्याच भावाची निवड आहे."

ती टोपी घालून निघाली. मी काठी टेकत बाकाशी गेले. ब्रायनीने खरंच दीड मीटर मोजलं होतं, एक बोट जास्त नाही. वासही आपल्या जागी होता. मी बसले, थर्मास शेजारी ठेवला आणि समोर बघितलं.

पार्किंगच्या कडेने गॉर्सचं पुरुषभर उंच कुंपण आहे. चांगल्या जागा ज्यांना म्हणतात, तिथून या कुंपणावरून वरचा निळा समुद्र तेवढा दिसतो. पण डब्यांसमोर कचऱ्याच्या ट्रकला वळायला म्हणून ते दरवर्षी छाटतात. तिथे फट आहे, दोन दारांएवढी. एकतीस वर्षांत त्या फटीतून मी कधी बघितलंच नव्हतं. फाटकाशी उतरायचे ती थेट माळावर, आणि परत आले की नाक धरून दार उघडायचे आणि ‘चल चल’ करायचे.

त्या फटीतून फाटक दिसत होतं. माळावरची पायवाट दिसत होती, सगळीच्या सगळी. पाणवठा, त्याच्याकाठी दोन तट्टं. त्याच्याखाली लाकडी पायऱ्या. पायऱ्यांखाली वाळू, आणि दूर, अगदी टोकाला, काळे खुंट.

आणि त्या जांभळ्या माळावरून एक लाल ठिपका चालला होता.

मुरिएलचं तोंड दिसत नव्हतं, हातपाय दिसत नव्हते. कोट तिचा करडा, तो तर माळात मिसळूनच गेला होता. दिसत होती ती फक्त टोपी. पाणवठ्याशी थांबली. तट्टू जवळ आलं तशी दोन पावलं मागे सरकली. पायऱ्यांवर एकेक पायरी खाली सरकली, मग वाळूवरून पुढे निघाली. किती लांब गेली तरी लाल ती लालच.

अगं बाई! मी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं. अगं बाई, क्लेम!

दर दोन-तीन नाताळांनी. विटली की नवी. मी म्हणायचे कल्पनाशक्ती नाही. वर्तमानपत्र पसरलेलं असायचं ते नुसतं नावाला, आणि सोमवारी तेच वर्तमानपत्र घरी पहिल्या पानापासून वाचत बसायचा, तेव्हा मी त्याला हसायचे की कालचं सगळं विसरलास का? तो विसरला नव्हता. त्याने ते वाचलंच नव्हतं. पावसात भिजत त्याने कॅम्परवाल्याला हलवलं, कारण मी तिकडे वाळूवर होते आणि मधे घराएवढी गाडी उभी होती. मी वणवण फिरून त्या माळावर सगळं बघून आले, पाकोळ्या बघितल्या, सरडे बघितले. एवढं एक बघायचं राहिलं.

मी रडले. लाजायचं कशाला, हुंदके देऊन रडले, डब्यांजवळ, माशांच्या साक्षीने. एक बाई कुत्र्याची पिशवी टाकायला आली होती ती घाबरून म्हणाली, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय हो." ती पिशवी टाकून घाईघाईने निघून गेली.

आणि रडता रडता मला हसूही येत होतं. मेल्या, एकदा बोलला असतास तर जीभ झिजली असती का? पण तो बोलला असता तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक होतं. ‘माझ्यावर पाळत कसली ठेवतोस?’ म्हणून टोपी फेकली असती. ते त्यालाही ठाऊक असणार.

लाल ठिपका खुंटांपाशी पोचला, थोडा थांबला आणि वळला. मी बघत राहिले. वाळू, पायऱ्या, पाणवठा. फाटकाशी आला तसा माझा हात आपोआप थर्मासकडे गेला. झाकण उघडलं, कपात चहा ओतला, दूध घातलं. मुरिएल धापा टाकत बाकाशी आली तेव्हा कपातून वाफ निघत होती. मी तो थेट तिच्या हातात दिला.

"अय्या, गरम!" ती म्हणाली. "तुला कसं कळलं मी आत्ता येतेय ते?"

मी तिला शेजारी बसवलं आणि फटीकडे बोट केलं. तिने बघितलं. कुठे बघायचं ते तिला कळेना. मग मी तिच्या डोक्यावरची टोपी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "आता पुन्हा बघ."

मुरिएल बराच वेळ बघत राहिली. चहा घ्यायचा विसरली. मग तिने माझा हात धरला आणि काही बोलली नाही. मुरिएल गॅरड बोलली नाही, हे मी लिहून ठेवायला हवं.

तेवढ्यात ब्रायनी आली, हातात स्क्रूड्रायव्हर, चेहऱ्यावर अपराधी भाव. "कुठले स्क्रू काढायचे? चारही?"

"एकही नको," मी म्हटलं. "राहू दे पाटी. बरोबर आहे ती."

"नंबर चार," मुरिएल नाक पुसत म्हणाली.

ब्रायनीला काही कळलं नाही. तिने डब्यांकडे बघितलं, एक माशी हाताने उडवली आणि चाचरत म्हणाली, "मिसेस गॅरड, मला फार वाईट वाटतंय हो. वास येतो ना इथे? मी वरच्या लोकांशी बोलते, बाक थोडा पलीकडे सरकवता येईल."

मी थर्मासमधून माझा कप भरून घेतला आणि पाठ टेकून बसले.

"नको गं," मी म्हटलं. "इथे बरं आहे."